रविवारचे अभिप्राय

१

रविवारी सकाळी आमच्या घरी दोन कामं एकदम चालतात. मी आठवड्याच्या कपड्यांना इस्त्री करतो आणि बायको समोरच्या खुर्चीवर पाय टाकून मला माझ्या फिल्मवरच्या कमेंट वाचून दाखवते. "अभिप्रायवाचनाला सुरुवात होत आहे, श्रोत्यांनी कॉलर नीट दाबावी," असं म्हणून ती घसा साफ करते.

फिल्म म्हणजे नटनट्यांची नव्हे. मी टाइल्सच्या कारखान्यात नक्षी काढतो. दिवसभर चौकोनात बसणारी फुलं काढून जीव मेटाकुटीला येतो, म्हणून घरी आल्यावर संगणकावर चौकोनाला न जुमानणारं काहीतरी काढतो. गोल फिरतात, फुटतात, त्यांच्या रेघा होतात, रेघांची जाळी होते, जाळीतून ठिपके गळतात. गोष्ट नाही, माणूस नाही, झाडसुद्धा नाही. त्याला संगीत देतो माझा मेहुणा. तो लिफ्ट दुरुस्त करतो आणि उरलेल्या वेळात दोन-तीन यंत्रं जोडून त्यांतून घूंऽ टिक घूंऽ असले आवाज काढतो. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, असं बायको म्हणते. आमच्याकडे न्हावी दोन आहेत, एवढंच.

कमेंट मी स्वतः वाचत नाही. पहिल्याच फिल्मखाली कुणीतरी लिहिलं होतं, ‘झोप येत नसेल तर जरूर पाहा.’ ते वाचून मी कित्येक दिवस संगणकाला हात लावला नाही. शेवटी तिने माझ्या हातातला फोन काढून घेतला. "यापुढे काढायचं काम तुझं, वाचायचं माझं. तू आपली इस्त्री कर."

ती मुलांना पोहायला शिकवते. तलावाच्या एका काठावरून दुसऱ्या काठावरच्या मुलाचा कान पकडेल असा तिचा आवाज आहे. घरात तोच आवाज ती निम्मा करून वापरते, आणि रविवारी त्याच्याही निम्मा. तो ऐकत इस्त्री फिरवणं हे माझं आठवड्यातलं सगळ्यात मोठं सुख होतं, हे मी लपवणार नाही.

ती गाळून वाचते, तेही मला ठाऊक होतं. वाईट कमेंट आली की ती आधी चहाचा घोट घेते, आणि घोटानंतर जे वाचते ते कुणीही लिहिलेलं नसतं. खरे प्रेक्षक ‘मस्त’, ‘रंग भारी’, ‘हे नक्की काय आहे?’ असं लिहितात. घोटानंतरचे प्रेक्षक मात्र लिहितात, ‘दिवसभराचा शीण उतरला.’ मी कधी काही बोललो नाही. एवढ्या मायेने कुणी फसवत असेल तर माणसाने खुशाल फसावं.

२

एका रविवारी तिने घोट न घेता वाचलं, "‘शेवटी त्या बाई बोलतात ते फार आवडलं.’"

"कोण बाई?" मी विचारलं.

"मला काय माहीत? तुझी फिल्म."

"त्यात कुठली बाई? एक निळा गोल आहे आणि बारीक ठिपके."

"मग निळा गोल बोलला असेल," ती म्हणाली आणि पुढची कमेंट वाचायला लागली. ती एरवीसारखीच होती, ‘रंग भारी.’ आम्ही हसलो. प्रेक्षकाने दुसरीच फिल्म पाहून आपल्याकडे लिहिलं असणार, असं ठरवून मी शर्ट उलटा केला.

पुढच्या फिल्मला तशा कमेंट बऱ्याच आल्या. ‘संगीताच्या खालून येणारा बायकी आवाज कोणाचा आहे?’ ‘आवाज किती मायाळू.’ ‘मी डोळे मिटून पुन्हा ऐकली.’ एका आईने लिहिलं होतं, तिचं बाळ फक्त त्या आवाजाला शांत होतं. वाचता वाचता बायकोचा घसा धरला. तिने खाकरून पाहिलं, कोमट पाणी प्यायलं, पण वाक्य पुरं होईना. तलावावर ओरडून ओरडून आणि त्या पाण्यातल्या औषधाने घसा बसला असेल, असं तीच म्हणाली. तसं वाटणं साहजिकच होतं. तिचा घसा वर्षातून एकदा बसतोच.

फोन बाजूला ठेवताना मात्र ती म्हणाली, "काय नशीब बघ. लोक तिकडे कुठल्यातरी बाईच्या आवाजाचं कौतुक करतायत आणि ते वाचणारीचा आवाज बसलाय."

३

माझा संशय सरळ मेहुण्यावर गेला. हा लिफ्टच्या मोटारीची घरघरसुद्धा संगीतात घालतो. बहिणीचा आवाज फोनवर पकडून त्याने कुठेतरी खाली पेरला असेल, म्हटलं. मी त्याला जेवायला बोलावलं आणि आतल्या खोलीत घेऊन गेलो.

आतली खोली म्हणजे माझा कारखाना. एक टेबल, संगणक, दोन स्पीकर, जादा पांघरुणांचं कपाट आणि दोन चाकाच्या खुर्च्या. त्यातली डावीकडची जुनी आहे. तिच्यावर कुणी बसलं की ती ‘स्स्स्’ करत बोटभर खाली जाते.

"भाऊजी, आईशप्पथ नाही," मेहुणा म्हणाला. "ताईचा आवाज मी लहानपणापासून पोट भरेपर्यंत ऐकलाय. तो परत गाण्यात कशाला घालू? मला काय वेड लागलंय?"

आम्ही संगीताचा एकेक थर बंद करत गेलो. घूं बंद, टिक बंद, मोटार बंद. शेवटी काहीच उरलं नाही. त्या काहीच नसण्यातही आम्ही कान देऊन बसलो. बाहेरून बायकोच्या भांड्यांचा आवाज आला, तेवढाच.

"मला तर काही ऐकू येत नाही," तो म्हणाला.

"मलाही नाही."

"मग प्रेक्षकांनाच कसं येतं?"

माणसाच्या कानाला घरघरीत शब्द सापडतात, मी त्याला समजावलं. पंख्याच्या आवाजात नाही का कुणीतरी हाक मारल्यासारखं वाटत? एकाने लिहिलं की दुसऱ्यालाही ऐकू यायला लागतं. माझं मलाच ते पटलं. मेहुण्याने मान डोलावली, पण जेवताना तो दोनदा ताईकडे पाहून म्हणाला, "तू डॉक्टरकडे जा गं. काहीच्या काही आवाज झालाय तुझा."

जाताना त्याने एक तोडगा सुचवला. पुढची फिल्म बिनसंगीताची टाकायची. थरच नाही तर त्याच्या खालून बाई येणार कुठून?

४

घशाच्या डॉक्टरीणबाईंनी नळी घालून पाहिलं आणि सांगितलं की स्वरतंतूवर गाठ आहे. साधी आहे, घाबरायचं कारण नाही, पण काढावी लागेल. आवाज परत पहिल्यासारखा होईल का, या प्रश्नावर त्या म्हणाल्या, "बहुतेकांचा होतो." बायकोने ‘बहुतेकांचा’ हा शब्द घरी येईपर्यंत रस्ताभर मनात घोळवला असणार, कारण कुलूप उघडताना ती एकदम म्हणाली, "मी त्या पोरांना ओरडणार कशी रे? तो माझा आवाज आहे म्हणून ती पाण्यात उतरतात." मी तिला जवळ घेतलं. मला तिच्या आवाजावाचून घर कसं असेल याचा विचार करवेना, आणि तो तिला दिसू नये म्हणून जवळ घेतलं, असंही म्हणता येईल.

ऑपरेशनच्या आधीचा तो शेवटचा रविवार. बिनसंगीताची फिल्म आदल्या दिवशी टाकली होती. बोलू नको, असं मी सांगत होतो, पण ती ऐकते थोडीच? घोगऱ्या आवाजात तिने वाचलं, "‘आज संगीत नाही ते बरं झालं. बाई अगदी स्पष्ट ऐकू आल्या.’"

इस्त्री मी उभी करून ठेवली.

"‘आज त्या एकट्याच बोलल्या. फार छान वाटलं.’" ती थांबली. तिने चहाकडे हात नेला नाही. "‘शेवटी त्या म्हणतात ना, डोळ्यांना गार वाटलं, ते ऐकून मलाच कुणीतरी शाबासकी दिल्यासारखं झालं.’"

डोळ्यांना गार वाटलं. गेल्याच रविवारी याच खुर्चीवरून, चहाचा घोट घेऊन, तिने मला एका न लिहिलेल्या प्रेक्षकाचा हा अभिप्राय वाचून दाखवला होता. तेव्हा खोलीत आम्ही दोघंच होतो.

तिच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. "हे मी..." ती म्हणाली आणि अडखळली. "हे मी मनाचं सांगितलं होतं तुला."

"मला माहीत आहे."

"माहीत आहे? कधीपासून?"

"पहिल्या वर्षापासून."

एवढ्या भीतीतही ती चिडली. "आणि मी इतकी वर्षं डोकं खाजवून नवीन नवीन शोधत होते!" तिला हसू फुटलं, पण त्या हसण्याला आवाज नव्हता. फक्त खांदे हलत होते.

५

ऑपरेशन नीट झालं. डॉक्टरीणबाईंनी सक्त ताकीद दिली होती की अवाक्षर काढायचं नाही, कुजबुजसुद्धा नाही. आमची खुणांची भाषा तयार झाली. दोन टिचक्या म्हणजे पाणी. भुवया वर म्हणजे ‘कुणाचा फोन?’ आणि डोळे बारीक म्हणजे ‘पुरे कर तुझं ज्ञान.’

रविवारी मी इस्त्री लावली. कमेंट वाचायच्या नाहीत असं आमचं ठरलं होतं. ती समोर बसली होती, तिचा फोन टेबलावर उलटा पडला होता. मी उशीचा अभ्रा पसरला आणि आतल्या खोलीतून आवाज आला,

"‘पिवळा गोल थांबतो तिथे मी पण थांबलो. छान आहे.’"

तिचा आवाज. गाठ होण्यापूर्वीचा, निम्म्याच्याही निम्मा केलेला. मी तिच्याकडे पाहिलं. तिचे ओठ मिटलेले होते आणि तिने दोन्ही हातांनी गळा धरला होता.

"‘रंग भारी,’" आतून आवाज आला. मग थोडी शांतता. घोट घेण्याइतकी. "‘हे पाहिलं की घरी आल्यासारखं वाटतं.’"

जळका वास आला तेव्हा कळलं की अभ्र्याला भोक पडलंय. मी आत गेलो. संगणक मागच्या बटणापासून बंद होता, स्पीकर बंद, कपाटात पांघरुणं. खोलीत तलावाच्या पाण्याचा वास होता, तिच्या ओल्या केसांना येतो तसला. तिच्या पिशवीतला टॉवेल कुठे राहिला असेल म्हणून मी शोधला. तो बाहेर दोरीवर वाळत होता.

पुढच्या रविवारी पुन्हा आवाज आला, त्याच्या पुढच्या रविवारीही. फिल्म पाहणारे कधी नव्हते इतके वाढले होते. पूर्वी हाताच्या बोटांवर मोजावेत एवढे असायचे, आता त्यांच्या कमेंट संपता संपेनात. आतून ती एकेक वाचायची, अगदी न थकता. आणि खरं सांगायचं तर माझी भीती हळूहळू विरत गेली. तो आवाज वाईट काही बोलतच नव्हता. मी कपडे कमी पडले तर टॉवेलांनाही इस्त्री करायला लागलो. एकदा मान वर केली तर बायको माझ्याकडे पाहत होती. मी आतल्या दाराकडे तोंड करून हसत होतो.

तिने फक्त उठून रेडिओ लावला आणि मोठा केला.

६

बोलायची परवानगी मिळाली त्या दिवशी डॉक्टरीणबाईंसमोर तिने तोंड उघडलं आणि नुसती हवा आली. त्यांनी पुन्हा नळी घातली, बराच वेळ पाहिलं, पडद्यावर मला दाखवलं. दोन पांढऱ्या पट्ट्या एकमेकींना भिडत होत्या, सुटत होत्या.

"जखम भरली आहे. तंतू उत्तम हलतायत. आवाज यायला हवा," त्या म्हणाल्या. "कदाचित मनाचं काही असेल. त्यांना कशाची भीती बसलीय का?"

काय सांगणार? आवाज घरी आतल्या खोलीत आहे, असं?

तरीही ती तलावावर जायला लागली. गळ्यात शिट्टी होती आणि सोबत दुसरे एक शिक्षक होते. मी म्हटलं, चला, दुधाची तहान ताकावर. पण एका दुपारी ती भर कपड्यांनिशी चिंब होऊन घरी आली आणि दारातच बसली. मागून आलेल्या त्या शिक्षकांनी सांगितलं. उथळ पाण्यातली एक चिमुरडी दोरीखालून खोल बाजूला गेली होती. शिट्टी वाजली, सगळ्याच मुलांनी मागे पाहिलं, ती सोडून. शिट्टीत नाव नसतं. बायकोने तिला हाक मारायला तोंड उघडलं, तोंड तसंच उघडं राहिलं, मग उडी मारली. मुलगी सुखरूप होती, तलावाच्या काठावर बसून बिस्किट खात होती म्हणे.

ते गेल्यावर मी टॉवेल आणला. ती थरथरत होती. तिने माझा हात धरून आधी आपल्या गळ्यावर ठेवला, मग आतल्या दाराकडे बोट केलं. आणि मग बोट मागे घेतलं. नको, अशी मान हलवली. आतल्या संगणकात माझ्या इतक्या वर्षांच्या फिल्म होत्या, त्यांच्याकडे तिने बोट केलं होतं आणि तिलाच त्यांची दया आली होती. इतक्या दिवसांत मला जे कळत होतं आणि मी कळू देत नव्हतो, ते तिने मागे घेतलेल्या बोटाने सांगितलं. आतली वाचणार, तोवर बाहेरची गप्प राहणार. आणि वाचायला कमेंट आहेत, तोवर आतली वाचणार.

"कपडे बदल," मी म्हटलं. "मी आलोच."

७

आत उन्हाची तिरीप पडली होती. मी खुर्चीवर न बसता, उभ्यानेच संगणक चालू केला. सगळ्यात जुनी फिल्म काढली, झोपेवाली. तिचं नेटवरचं पान पुसलं आणि मग मूळ फाइलही पुसली.

डावीकडची खुर्ची ‘स्स्स्’ करत बोटभर खाली गेली.

मी मान वळवली नाही. मी पुढची फिल्म पुसली.

"‘ही पाहून माझ्या आजारी नवऱ्याला बरं वाटलं,’" शेजारून ती वाचायला लागली. आवाजात ना राग होता ना घाई. "‘पुन्हा पुन्हा पाहतो.’" मी पुसत गेलो. "‘रंग भारी.’ ‘ही काढू नका, प्लीज.’" हे कुणी लिहिलेलं होतं की नव्हतं, ते मला कळेना. मग घोटाएवढी शांतता पडली, आणि ती म्हणाली, "‘असं काढणारा माणूस मनाने फार चांगला असणार.’"

हात थांबला. कारखान्यात वीस वर्षांत हे मला कुणी म्हटलं नव्हतं. काय ऐकल्यावर मी विरघळतो ते ती जाणून होती. जाणणारच. ते सगळं त्याच गळ्यातून आलेलं होतं.

डोळ्यांच्या कडेला काहीतरी दिसलं म्हणून नजर गेली. टेबलाच्या कडेवर दोन पावलं टेकलेली होती. पाण्यात फार वेळ राहून पांढरी पडलेली, सुरकुतलेली बोटं. ती बोटं मी हजारदा टॉवेलाने पुसली आहेत. घोट्यांच्या वर मी पाहिलं नाही. माझ्याने पाहवलं नाही.

"क्षमा कर," मी म्हटलं. कुणाला म्हटलं कोण जाणे. शेवटचा निळा गोल पुसला, मागचं बटण दाबलं आणि बाहेर येऊन दार ओढून घेतलं. आत खुर्ची वर आल्याचा आवाज मात्र झाला नाही.

बायको कोरड्या कपड्यांत स्वयंपाकघरात उभी होती. मी तिच्यासमोर रिकामे हात पसरले. ती समजली. तिचे डोळे भरले, तिने माझे दोन्ही हात घट्ट धरले आणि खाकरली. त्या खाकरण्याला आवाज होता.

"अरे," ती म्हणाली. खरखरीत, फाटका, पण तिचा. "अरे! आला की!"

मी तर रडायलाच लागलो. तीही रडत होती, हसत होती, माझ्या नावाने, तिच्या भावाच्या नावाने, त्या पोहणाऱ्या चिमुरडीच्या नावाने हाका मारून पाहत होती. मग दमून तिने माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं.

"एक खरं सांगू? रागावणार नाहीस ना?"

"आता कशाला रागावतोय?"

"तुझे ते गोल मला कधी कळलेच नाहीत. एकसुद्धा."

मी इतका हसलो की ओट्याला धरून उभं राहावं लागलं. तीही हसत होती. आणि आमचं हसणं ओसरलं तेव्हा बंद दाराच्या आतून, निम्म्याच्याही निम्म्या, जुन्या आवाजात कुणीतरी म्हणालं,

"मला कळायचे."